विश्लेषण : पावसाचा अंदाज नेमका कुणासाठी? सिमल्यातील गणितज्ञ ते शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा मेसेज

मान्सूनचे गणित सोडवण्यासाठी गिल्बर्ट वॉकर १९०४ मध्ये भारतात आले. वीस वर्षांत त्यांना हवे ते सूत्र सापडले नाही, पण ‘एल निनो’ समजण्याची किल्ली मात्र सापडली. आज मोबाइलवर येणाऱ्या हवामान सल्ल्यात त्यांच्या कामाचा किती वाटा आहे आणि त्यांनी दिलेला कोणता इशारा आजही लागू पडतो?

जून सुरू झाला की कोरडवाहू शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न असतो. पेरणी आज करायची की आठ दिवस थांबायचे? पहिल्या सरीवर पेरले आणि पावसाने दडी मारली तर बियाणे जमिनीतच वाया जाते आणि दुबार पेरणीचे संकट ओढवते. थांबले आणि पावसाने झड लावली तर वाफसा मिळत नाही, हंगाम मागे पडतो. दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्यासाठी हा निर्णय एकदाच घ्यायचा असतो. बियाण्याच्या दुसऱ्या बॅगेसाठी पुन्हा उसनवारी करावी लागते.

आता या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवर शोधले जाते. ‘मेघदूत’ अ‍ॅप, एसएमएस, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि विद्यापीठांचे कृषी हवामान सल्ले असे अनेक मार्ग आहेत. मात्र मेसेज येतो म्हणजे प्रश्न सुटतो असे नाही. तो मेसेज कोणत्या भागासाठी आहे, किती दिवसांसाठी आहे आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, हे कळले नाही तर त्याचा उपयोग होत नाही.

याच तीन प्रश्नांशी शंभर वर्षांपूर्वी एक इंग्रज गणितज्ञ सिमल्यात झुंजत होता. सर गिल्बर्ट थॉमस वॉकर हे त्यांचे नाव.

अंदाजाची गरज आधी कुणाला भासली?

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये पाऊस रुसला आणि १८७८ पर्यंत चाललेल्या महादुष्काळात दख्खन आणि दक्षिण भारतात लाखो माणसे मृत्युमुखी पडली. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांनाही त्याची मोठी झळ बसली.

पाऊस कमी पडणार हे आधी कळले तर दुष्काळी कामे, धान्याची वाहतूक आणि शेतसाऱ्याचे नियोजन करता येईल, असे ब्रिटिश सरकारला वाटू लागले. ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाकडे लक्ष वेधले. हिवाळ्यात आणि वसंतात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून कमजोर राहतो, असे त्यांचे निरीक्षण होते. काही वर्षे चाचणी घेतल्यावर ४ जून १८८६ रोजी पहिला अधिकृत हंगामी अंदाज देण्यात आला.

त्यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फासोबत हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाकडील हवामानाचाही विचार सुरू केला. पण १८९९ मध्ये त्यांचा अंदाज सपशेल चुकला. ज्या वर्षी चांगल्या पावसाची अपेक्षा व्यक्त झाली होती, तेच वर्ष इतिहासातील सर्वांत कोरड्या वर्षांपैकी एक ठरले. संवत १९५६ मधला हा दुष्काळ गुजरात-राजस्थानात ‘छप्पनिया’ म्हणून आजही ओळखला जातो. टीकेची झोड उठली आणि पुढची काही वर्षे हंगामी अंदाज जाहीर न करता केवळ सरकारला गोपनीयरीत्या दिला जाऊ लागला.

म्हणजे अंदाजाचा पहिला वाचक शेतकरी नव्हता, सरकार होते. आणि अंदाज चुकल्यावर शोधलेला पहिला उपाय होता तो लोकांपासून दूर ठेवण्याचा.

गणितज्ञ हवामान खात्यात कसा आला?

इलियट यांच्या जागी १९०४ मध्ये वॉकर यांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांचे वय ३५ होते आणि हवामानशास्त्राचा त्यांना अनुभव नव्हता.

१४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे त्यांचा जन्म झाला. वडील स्थापत्य अभियंता होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले आणि १८८९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले, म्हणजे केंब्रिजच्या गणित परीक्षेत पहिले आले. रँग्लर परांजपे यांच्यामुळे या पदवीचे वजन महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. परांजपे यांनी हाच मान दहा वर्षांनी, १८९९ मध्ये मिळवला.

अभ्यासाच्या ताणाने वॉकर यांची प्रकृती ढासळली आणि काही हिवाळे त्यांना स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे त्यांना बर्फावरील स्केटिंगची गोडी लागली. परतल्यावर विद्युतचुंबकत्वावर संशोधन झाले, पण त्यांची ओळख झाली ती वेगळ्याच कारणाने. फेकलेले बूमरँग परत का येते, याचे गणित त्यांनी मांडले. नदीकाठच्या हिरवळीवर ते स्वतः बूमरँग फेकून प्रयोग करत. त्यामुळे मित्रांनी त्यांचे नाव ‘बूमरँग वॉकर’ ठेवले.

अशा माणसाला हवामान खात्यात का आणायचे? कारण खात्याकडे नोंदी भरपूर होत्या. देशभरातील वेधशाळांमधून पाऊस, तापमान आणि हवेचा दाब यांचे आकडे वर्षानुवर्षे जमा होत होते. परदेशातूनही आकडे मिळत होते. त्यांचा अर्थ लावण्याची शिस्तबद्ध पद्धत मात्र नव्हती. आजच्या भाषेत सांगायचे तर डेटा होता, डेटा सायंटिस्ट नव्हता.

वॉकर यांनी वेगळे काय केले?

वॉकर यांच्याआधी अंदाज बांधण्याची पद्धत अनुभवावर आधारित होती. यंदाची स्थिती आधीच्या कोणत्या वर्षासारखी दिसते हे पाहायचे आणि त्यावरून मत बनवायचे. वॉकर यांनी या मताच्या जागी मोजमाप आणले. त्यासाठी त्यांनी वापरले सहसंबंधाचे सूत्र. कार्ल पिअर्सन यांनी मांडलेले हे तंत्र तेव्हा अगदी नवे होते.

सहसंबंध म्हणजे काय? दोन गोष्टी सोबत वर-खाली होतात का, आणि किती, हे सांगणारा आकडा. तो उणे एक ते अधिक एक यांच्या दरम्यान असतो. एक वाढली की दुसरीही नेमकी त्याच प्रमाणात वाढत असेल तर आकडा एक. एक वाढली की दुसरी घटत असेल तर उणे एक. काहीच नाते नसेल तर शून्य.

मॉरिशसमधील मे महिन्याचा हवेचा दाब आणि भारतातील जून ते सप्टेंबरचा पाऊस यांत नाते आहे का? दक्षिण अमेरिकेतील दाब आणि आपला पाऊस? झांझिबारचा पाऊस आणि आपला पाऊस? असे असंख्य प्रश्न वॉकर यांनी आकड्यांना विचारले. संगणक नव्हताच. ही सगळी आकडेमोड खात्यातील भारतीय कारकून कागदावर हाताने करत. दशकांच्या नोंदी, वेगवेगळी ठिकाणे, वेगवेगळे महिने यांच्या जोड्या लावून रकाने भरले जात. आज हेच काम लॅपटॉपवर काही सेकंदांत होते. तेव्हा त्यासाठी माणसांची वर्षे खर्ची पडली, आणि त्यातल्या बहुतेकांची नावे मागे राहिली नाहीत.

१९०९ चे सूत्र काय होते?

या खटाटोपातून १९०९ च्या सुमारास वॉकर यांनी अंदाजाचे पहिले गणिती समीकरण तयार केले. त्यात चार घटक होते : हिमालयातील साचलेला बर्फ, मॉरिशसमधील हवेचा दाब, दक्षिण अमेरिकेतील दाब आणि झांझिबार परिसरातील पाऊस. प्रत्येक घटकाला किती वजन द्यायचे हे जुन्या नोंदींवरून ठरवले गेले. चार आकडे टाकले की पाऊस सरासरीच्या वर राहील की खाली, याचा कौल मिळे.

जगात इतरत्र उद्याचे हवामान सांगतानाही अडचण येत होती, त्या काळात चार महिन्यांच्या पावसासाठी असे समीकरण वापरणे हे मोठे पाऊल होते. त्याचा एक फायदा लगेच दिसला. अंदाज आता कुणा अधिकाऱ्याचे मत राहिला नाही. तो कसा काढला हे कुणालाही तपासता येऊ लागले आणि चुकला तर कुठे चुकला हेही शोधता येऊ लागले.

पण त्यामुळे दुष्काळ टळले नाहीत की अंदाज अचूक झाले नाहीत. वॉकर यांच्या कारकिर्दीत १९०५, १९११, १९१८ आणि १९२० ही देशासाठी दुष्काळी वर्षे ठरली. १९१८ मध्ये तर दुष्काळ आणि इन्फ्लुएंझाची साथ एकाच वेळी आली.

आकड्यांची फसगत वॉकर यांनी कशी ओळखली?

वॉकर यांचे सर्वांत प्रामाणिक काम कदाचित हे आहे. शेकडो जोड्या तपासताना काही जोड्यांत केवळ योगायोगाने मोठा सहसंबंध दिसणार, हे त्यांनी ओळखले.

साधे उदाहरण घेऊ. शंभर जणांनी प्रत्येकी सहा वेळा नाणे उडवले तर त्यातल्या एखाद-दोघांना सहाही वेळा छापा पडण्याची चांगली शक्यता असते. म्हणून त्यांच्याकडे काही खास कसब आहे असे होत नाही. सातव्या वेळी त्यांनाही छापा किंवा काटा यांची शक्यता निम्मी-निम्मीच असते. हवामानाच्या घटकांचेही तसेच. शंभर घटक तपासून त्यातले सर्वांत चांगले दिसणारे चार निवडले, तर ते मागच्या वर्षांना छान लागू पडतील आणि पुढच्या वर्षी दगा देतील.

१९१४ मध्ये वॉकर यांनी यासाठी गणिती कसोटी मांडली. किती घटकांमधून निवड केली आहे, हे लक्षात घेऊनच त्या नात्यावर विश्वास ठेवावा, असा तिचा मथितार्थ. मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आजही हाच धडा पहिल्या काही दिवसांत शिकवला जातो.

याच भूमिकेतून त्यांना हंगामी अंदाजासाठी नेहमीचा शब्दही खटकू लागला. ठाम भाकीत वाटेल असा शब्द वापरण्याऐवजी, चाहूल या अर्थाचा सौम्य शब्द त्यांनी पुढे आणला. शक्यता पुरेशी मोठी असेल तेव्हाच स्पष्ट बोलावे, एरवी गप्प राहणे बरे, असा त्यांचा कल होता.

देशाचा एकच आकडा त्यांना का पटेना?

दुसरी अडचण भूगोलाची होती. देशाचा एकूण पाऊस सरासरीइतका झाला, तरी एका भागात पूर आणि दुसऱ्या भागात टंचाई असू शकते. एकाच घटकाचा परिणाम सगळीकडे सारखा होत नाही, हे आकड्यांतून वॉकर यांच्या लक्षात आले.

म्हणून कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्यांनी देशाचे भाग पाडले. द्वीपकल्पासाठी एक समीकरण आणि वायव्य भारतासाठी दुसरे. ईशान्येकडील पावसाचा या घटकांशी पुरेसा संबंध दिसला नाही. त्यांनी घालून दिलेली ही चौकट पुढे फेरफार होत १९८७ पर्यंत वापरात राहिली.

तरीही द्वीपकल्प म्हणजे केवढा मोठा प्रदेश! त्यात कोकणही आले आणि मराठवाडाही. सरकारला धान्याचे नियोजन करायला तेवढे पुरत होते. माण किंवा आष्टी तालुक्यातील शेतकऱ्याला पेरणी कधी करायची, हे त्यातून कळण्याची सोय नव्हती. तो अंदाज त्याच्यासाठी लिहिलेलाच नव्हता.

रामानुजन यांच्याशी काय संबंध?

फेब्रुवारी १९१३ मध्ये वॉकर कामानिमित्त मद्रासला गेले होते. तिथे पोर्ट ट्रस्टमधील एका तरुण कारकुनाची गणिताची वही त्यांना दाखवण्यात आली. हा आपला विषय नाही, पण काम असामान्य आहे, हे त्यांनी ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्या तरुणाला शिष्यवृत्ती देण्याची शिफारस केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. शिष्यवृत्ती मिळाली आणि नोकरी बाजूला ठेवून गणित करण्याची मोकळीक रामानुजन यांना मिळाली.

समुद्रांचा झोका कसा सापडला?

मान्सूनचे धागे शोधता शोधता वॉकर यांना जगभर जावे लागले. चिली, हवाई, ऑस्ट्रेलिया, जावा, इजिप्त अशा ठिकाणांचे आकडे त्यांनी एकत्र आणले. त्यातून एक मोठा आकृतिबंध दिसू लागला.

प्रशांत महासागरात हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो. तिकडे कमी झाला की इकडे वाढतो. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा झोका हजारो किलोमीटर अंतरावर चालतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉकर यांनी त्याला ‘सदर्न ऑसिलेशन’ असे नाव दिले. उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरातील असेच आणखी दोन झोकेही त्यांनी ओळखले.

आज हा झोका मोजण्यासाठी ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील दाबातील फरक पाहिला जातो. बातम्यांत येणाऱ्या ‘एन्सो’ या शब्दातला ‘एसओ’ म्हणजेच वॉकर यांचा सदर्न ऑसिलेशन आणि ‘ईएन’ म्हणजे एल निनो.

पण इथे नियतीचा एक खेळ होता. या झोक्याचा संबंध मान्सूनच्या आधीच्या महिन्यांपेक्षा मान्सून सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांशी जास्त घट्ट निघाला. म्हणजे मान्सूनवरून जगाच्या हवामानाची चाहूल घेणे सोपे आणि जगाच्या हवामानावरून मान्सून सांगणे अवघड! खात्याचे पुढचे प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी ही गोष्ट नंतर स्पष्टपणे मांडली. वॉकर ज्या कामासाठी भारतात आले, नेमके तेच काम अर्धवट राहिले.

मग वॉकर अपयशी ठरले का?

१९२४ मध्ये वॉकर निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. मायदेशी परतून दहा वर्षे ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. १९३१ मध्ये त्यांनी काळानुसार बदलणाऱ्या आकड्यांच्या मालिकांवर केलेले काम ‘यूल-वॉकर समीकरणे’ म्हणून प्रसिद्ध झाले. इलेक्ट्रॉनिक्सच्या अभियांत्रिकीत ती आजही शिकवली जातात, कारण मोबाइल कॉलमधला आवाज कमी डेटामध्ये पाठवण्याच्या तंत्रातही त्यांचा उपयोग होतो.

हवामानाच्या क्षेत्रात मात्र त्यांच्या हयातीत शंकेचे वातावरण होते. दूरदूरच्या ठिकाणांची नाती आकड्यांत दिसतात, पण ती कशामुळे जुळतात याचे भौतिक स्पष्टीकरण त्यांच्याकडे नव्हते. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखातही, त्यांच्या या शोधातून जागतिक हवामानाचा सिद्धांत उभा राहील अशी आशा फलद्रूप होताना दिसत नाही, असाच सूर होता.

अवघ्या अकरा वर्षांत चित्र पालटले. १९६९ मध्ये जेकब बर्कनेस यांनी दाखवून दिले, की पेरूजवळच्या समुद्राचे तापणे म्हणजे एल निनो आणि वॉकर यांचा झोका ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत. एक समुद्रातले, दुसरे हवेतले. विषुववृत्तावर पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या त्या चक्राला त्यांनी ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले.

महाराष्ट्राच्या स्मरणात असलेला १९७२ चा दुष्काळ एल निनोच्या वर्षात आला. मात्र १९९७ मध्ये एल निनो अतिशय तीव्र असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असे गणित मांडता येत नाही. वॉकर यांचा इशारा हाच होता. नाते असते, पण ते हमी देत नाही.

शेतकरी या चित्रात कधी आला?

हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला हलवले गेले. शिवाजीनगरमधील त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात आणि चौकालाही तेच नाव पडले आहे. याच पुण्यात १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. जमिनीलगतचे तापमान, मातीतील ओल, पिकाची वाढ असे शेताच्या पातळीवरचे प्रश्न पहिल्यांदा खात्याच्या कामात आले.

१९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामान वृत्त सुरू झाले. १९७६ मध्ये राज्यांच्या कृषी विभागांसोबत कृषी हवामान सल्ला सेवा आली. २००८ पासून हा सल्ला जिल्हा पातळीवर मिळू लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारे सल्ले आज ‘मेघदूत’ अ‍ॅपवर मराठीतही वाचता येतात. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली आहेत.

या प्रवासात प्रश्नच बदलला. वॉकर यांच्यासमोर प्रश्न होता देशात एकूण किती पाऊस पडेल. शेतकऱ्याचा प्रश्न आहे माझ्या शिवारात पाऊस कधी येईल आणि खंड किती दिवसांचा पडेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तरी दुसऱ्याचे मिळतेच असे नाही.

तंत्रज्ञान वाढले, मग विश्वास का डळमळतो?

१९८८ मध्ये वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने सोळा घटकांचे नवे प्रारूप आले. सुरुवातीची वर्षे त्याने चांगली साथ दिली. २००२ मध्ये मात्र सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्केच पाऊस झाला. जुनी नाती काळानुसार सैल होतात, हा वॉकर यांच्या काळापासूनचा धोका पुन्हा समोर आला आणि ते प्रारूप बदलावे लागले. पुढे २०१२ पासून ‘मान्सून मिशन’मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने समुद्र आणि वातावरणाची संगणकीय प्रारूपे विकसित करण्यावर भर दिला.

२०१७ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील शेतकऱ्यांनी अंदाज चुकल्याने नुकसान झाल्याची तक्रार थेट पोलीस ठाण्यात दिली. कायद्याच्या दृष्टीने तिचे काहीही होवो, ती का दिली गेली हे समजण्यासारखे आहे. देशाचा हंगामी आकडा आपल्या गावासाठी आहे असे समजून पेरणी झाली, तर चूक केवळ वाचणाऱ्याची नसते. आकडा कशासाठी आहे हे सांगणे देणाऱ्याचेही काम असते.

२०२५ च्या हंगामात केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रारूपे वापरून मान्सूनच्या स्थानिक आगमनाचे अंदाज १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना एसएमएसवर पाठवले. त्या वर्षी मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात दाखल झाला आणि नंतर त्याची वाटचाल रखडली. लवकर आलेल्या सरींवर विसंबून पेरणी करायची की थांबायचे, हाच तो प्रश्न होता. या वेळी अंदाज एकूण पावसाचा नव्हता, पेरणीच्या वेळेचा होता. या प्रारूपांना आधार लागला तो शतकाहून अधिक काळ जपलेल्या पावसाच्या नोंदींचा. त्यातल्या कित्येक नोंदी वॉकर यांच्या काळातील वेधशाळांनी घेतलेल्या आहेत.

दुसरीकडे, कृषी विज्ञान केंद्रांमध्ये सुरू केलेली १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. अंदाजाचा आकडा आणि शेतातले पीक यांची सांगड घालणारा स्थानिक माणूस त्यामुळे अनेक जिल्ह्यांत कमी झाला. मेसेज कोट्यवधींना पाठवता येतो, पण हलक्या मुरमाड रानात काय करावे आणि काळ्या भारी जमिनीत काय, हे विचारायला कुणीतरी जवळ लागते.

मेसेज वाचताना काय पाहावे?

वॉकर यांच्या आयुष्यभराच्या कामातून तीन साध्या गोष्टी हाती लागतात.

एक, भाग पाहावा. अंदाज देशाचा आहे, जिल्ह्याचा की तालुक्याचा? एप्रिलमध्ये येणारा सरासरीच्या टक्क्यांचा आकडा संपूर्ण देशाचा आणि चार महिन्यांचा असतो. तो पेरणीची तारीख सांगत नाही.

दोन, मुदत पाहावी. पुढच्या पाच दिवसांचा अंदाज आणि चार आठवड्यांचा अंदाज यांचा भरवसा सारखा नसतो. मुदत लांबते तशी खात्री कमी होते.

तीन, शक्यता पाहावी. पावसाची ७० टक्के शक्यता म्हणजे अशा दहा वेळांपैकी तीन वेळा पाऊस येणार नाही. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्याशिवाय पेरणी करू नये, हा कृषी विद्यापीठांचा सल्ला मेसेज आल्यावरही लागू राहतो.

वॉकर यांचे समीकरण आज कुणी वापरत नाही. त्यांनी निवडलेले बरेचसे घटक मागे पडले. टिकली ती त्यांची शिस्त. आपल्याला किती कळले आहे आणि किती नाही, हे आकड्यासोबत सांगण्याची. १८९९ मध्ये अंदाज चुकला तेव्हा तो लोकांपासून लपवण्याचा मार्ग निवडला गेला होता. आज अंदाज प्रत्येक खिशात पोहोचला आहे. तो चुकण्याची शक्यता किती, हेही त्याच मेसेजमध्ये आणि त्याच सोप्या मराठीत पोहोचले, तर दोन एकरांच्या शेतकऱ्याला सगळे बियाणे एकाच दिवशी मातीत घालायचे की निम्मे राखून ठेवायचे, हे स्वतः ठरवता येईल.